पंचवीस वर्षांची सही

आमची एसटी नारायणगावहून सुटायची तेव्हा अर्धी रिकामी असायची. मी खिडकीजवळ बसायचे आणि शेजारच्या जागेवर दप्तर ठेवायचे. कुणी विचारलंच तर "पुढं बाई येणारे" असं सांगायचे. कळंबला ती चढायची, माझ्याच वर्गातली मैत्रीण. महाळुंगे पडवळहून फाट्यापर्यंत वडिलांच्या मोटरसायकलवर यायची, त्यामुळं तिच्या केसांत कायम धूळ असायची. चढली की माझं दप्तर उचलून स्वतःच्या मांडीवर घ्यायची आणि आदल्या दिवशी जिथं बोलणं तुटलं असेल तिथून पुढं सुरू करायची. इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही अशी काढली. आता मी नारायणगावात एका रोपवाटिकेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघते. वारूळवाडीतून स्कूटीवर दहा मिनिटांत पोचते, एसटीचा काही संबंध उरलेला नाही. तरी त्या वेळेला स्टँडवरून जाणं झालं, तर ती गाडी लागली आहे का, एवढं मी बघतेच.

तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजचं सेवा शिबिर आहुप्याला होतं. डिंभे धरणाचं पाणी बराच वेळ गाडीच्या सोबत होतं, मग वळणं सुरू झाली आणि पाणी खाली राहिलं. सात दिवस शाळेत मुक्काम. तिथं आम्हाला ताई भेटल्या. गावातल्या गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्या तपासण्या, लसी, तारखा हे सगळं बघणाऱ्या आशा कार्यकर्त्या. त्यांचं सगळं काम एका जाड वहीत होतं. धुक्याच्या दिवसांत ती वही दमट होऊन पानं एकमेकांना चिकटलेली, आणि एका पानावर तर शाई इतकी पसरलेली की कुठल्या बाळाचा कुठला डोस झाला ते त्यांनाच लागत नव्हतं. त्यांना सरकारी ऑफिसकडून एक फोन मिळालेला होता. त्यातल्या ॲपला इंटरनेट लागायचं, आणि गावात रेंज नव्हती.

ताईंनी फोन आमच्यासमोर धरला. पडद्यावर एक गोल फिरत होता.

"ह्यो असा चक्र फिरवीत बसतो," त्या म्हणाल्या. "तवर बाई बाळंत व्हती."

आम्ही दोघी हसलो. परतीच्या गाडीत मात्र तिच्या डोक्यात तेच होतं. घोडेगाव आलं तेव्हा म्हणाली, "आपण करू. रेंज नको, इंटरनेट नको, काही नको. फोनमध्येच वही. फक्त ओली होणार नाही अशी."

शेवटच्या वर्षात दर रविवारी आम्ही ते केलं. एक रविवार आमच्या घरी, एक तिच्या. आतलं सगळं तिनं लिहिलं, पडद्यावर दिसणारं मी. मराठी शब्द कुठले ठेवायचे यावरून आमची भांडणं व्हायची. मी "लाभार्थी" लिहिलं होतं, तिनं ते खोडून "बाई" आणि "बाळ" असं केलं. "ताईंना लाभार्थी कुठं भेटते?" तिनं विचारलं. बायकांची माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून फोनबाहेर काहीच जाणार नाही अशी सोय केली, अगदी आपोआप होणारा बॅकअपसुद्धा बंद. आणि सगळा कोड उघडा ठेवला. कुणीही वाचावा, चुका दाखवाव्यात, आपल्या गावासाठी हवा तसा बदलून घ्यावा. कोकणातल्या एका परिचारिकेनं, जिला आम्ही कधी पाहिलं नाही, तिकडच्या बोलीतले शब्द पाठवले. तिचं पत्र आलं त्या दिवशी आम्ही कळंबच्या फाट्यावर दोन दोन भजीप्लेट खाल्ल्या.

ॲप तयार झालं तेव्हा त्यावर सही करायची वेळ आली. ही शाईची सही नसते, आकड्यांची असते. बनवणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते, त्या किल्लीनं ॲपवर शिक्का बसतो, आणि फोन तो शिक्का लक्षात ठेवतो. पुढं त्याच ॲपची सुधारलेली आवृत्ती आली की फोन आधी शिक्का जुळवून बघतो. जुळला तरच जुन्याच्या जागी नवं बसवतो. दुसऱ्या कुणी आपल्या नावावर खोटं ॲप खपवू नये, म्हणून ही व्यवस्था.

किल्ली तिच्या लॅपटॉपवर केली. महाळुंग्याला, त्यांच्या ओसरीवर, भर दुपारी. तिची आई अंगणात बटाटे निवडत होती. कॉम्प्युटर एकेक गोष्ट विचारत गेला. नाव काय, गाव कोणतं, राज्य कोणतं. शेवटी, ही किल्ली किती वर्षं चालावी? तिथं आधीपासूनच पंचवीस लिहिलेलं होतं.

"पंचवीस?" मी म्हणाले. "तोवर आपण पन्नाशीला आलेल्या असू."

"मग काय झालं? दोघी काठी टेकत आहुप्याला जाऊ. ताईंच्या नातसुनेची नोंद घ्यायला."

मग पासवर्ड. तिनं उजव्या हातानं पडद्यासमोर आडोसा धरला आणि डाव्या हातानं टाइप केला. मी मुद्दाम वाकून बघायला गेले तर मला कोपरानं ढकललं.

"सांग की."

"तुला कशाला? मी आहे ना."

पहिल्यांदा ताईंच्या फोनवर ॲप टाकलं तेव्हा त्या मिनिटभर नुसत्या बघत राहिल्या. पडद्यावर गोल फिरत नव्हता. घोडेगावला त्यांच्या महिन्याच्या बैठका व्हायच्या. तिथून ते एका ताईकडून दुसरीकडे, फोनवरून फोनवर असं जात राहिलं. वर्षभरात आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगराकडच्या तीसेक ताया ते वापरत होत्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की हे काम आहे, आणि आम्हीही ते काम समजत नव्हतो. रविवार होता, आम्ही दोघी होतो, बस.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा परदेशी नोकरीला, तिलाही तिथं नोकरी मिळणार होती. निघायच्या दिवशी मी कळंबच्या फाट्यावर गेले. गाडीत सामान कोंबलेलं, मागं नातेवाईक. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं माझं मनगट धरलं.

"किल्लीची फाइल पाठवते तुला. तिथं पोचले की पहिलं तेच."

तिनं पाठवली नाही. मी मागितलीही नाही. आता विचार केला की वाटतं, माझा निष्काळजीपणा होता. पण तेव्हा तसं नव्हतं. किल्ली तिच्याकडे होती तोवर ॲपचं मोठं काम निघालं की तिला यावंच लागणार होतं, निदान फोन तरी करावा लागणार होता. मी किल्ली मागितली असती तर ती आता परत येत नाही हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

पहिल्या वर्षी रोज बोलणं व्हायचं. मग आठवड्यानं. मग सणाला फोटो. तिच्याकडे बर्फ पडला की ती अंगणाचा फोटो पाठवायची, मी त्याखाली काहीतरी लिहायचे, आणि दोन्हीकडून दोन दोन शब्दांत ते संपायचं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला कधी कधी वाटायचं. भांडणाला निदान एक कारण असतं, ते मिटवता तरी येतं.

सहा वर्षं गेली. ॲप आपलं चालू होतं. त्यात बिघडण्यासारखं फार काही नव्हतंच.

एक दिवस ऑफिसात असताना ताईंचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे त्या देवराईच्या पलीकडे कड्याजवळ उभ्या होत्या. आहुप्यात तिथंच थोडी रेंज लागायची.

"बाय, तुमच्या वहीत ह्यो नवा डोस न्हाई," त्या म्हणाल्या. "डाक्टरबाईनं मीटिंगला सांगितलं, आता बाळांना एक सुई वाढीव हाय. मी फोनमध्ये बघितली, तर तारीखच दावीना. एक पोर चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे?"

"म्हंजे दोन आठवडं उशीर झाला. दिली मग. पर आधी असं कधी व्हतं का माझं?"

त्या रागावलेल्या नव्हत्या, ओशाळलेल्या होत्या. चूक आमची, आणि लाज त्यांना वाटत होती. मी त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोड उघडला. यादीत एक ओळ वाढवायची होती, अर्ध्या तासात झालं. ॲप पुन्हा बांधलं. माझ्या कॉम्प्युटरवर एक किल्ली तयार केली, सही केली, आणि घोडेगावच्या एका ताईंना फाइल पाठवली. त्यांचं उत्तर आलं, सोबत पडद्याचा फोटो. "ॲप इन्स्टॉल झालं नाही."

मला हे माहीत होतं. कॉलेजात परीक्षेत लिहिलेलं होतं. कोड सगळ्या जगासाठी उघडा होता, त्यात कुणीही काहीही बदलू शकत होतं. पण तीस फोन फक्त एकाच शिक्क्याला ओळखत होते, आणि तो शिक्का मारणारी किल्ली एकाच लॅपटॉपमध्ये होती.

मी तिला फोन लावला. आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली होती, तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. डोस चुकलेल्या त्या बाळाचं सांगितलं तेव्हा तिनं आधी बाळ बरं आहे ना, ते विचारलं. मग म्हणाली, "तो लॅपटॉप मी नेलाच नव्हता गं. आईकडे आहे. कपाटात असेल बघ."

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी महाळुंग्याला गेले. इतक्या वर्षांत त्या वाटेला गेले नव्हते. तिच्या आईनं मला दारात बघितलं आणि आधी माझ्या मागं बघितलं, जणू मी एकटी येणं शक्यच नव्हतं.

"एकलीच आलीस व्हय?"

"हो, मावशी."

लॅपटॉप तिच्या एका जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवलेला होता. "हात लावू दिला न्हाई म्या कुणाला," मावशी म्हणाल्या. "म्हनलं, तिचा हाय, ती आली की लागंल तिला." बॅटरी मेलेली होती. ओसरीवर प्लगाजवळ बसून वायर लावून ठेवली. बराच वेळ काहीच झालं नाही, मग पंखा कुरकुरला आणि पडदा उजळला. किल्लीची फाइल तिथंच होती, मोठ्या अक्षरांत नाव दिलेल्या फोल्डरमध्ये. मी इतकी खूश झाले की मावशींना मिठीच मारली. मग तिला व्हिडिओ कॉल लावला.

"सापडली! पासवर्ड सांग."

तिनं फोन ओट्याला टेकवून ठेवला. तिच्या मागं स्वयंपाकघर होतं, पांढरं, मोठं. हातात ओला चमचा होता.

"पासवर्ड," ती म्हणाली. "थांब हं."

आम्ही दोन तास बसलो. ती सांगायची, मी टाइप करायचे. आधी तिच्या घरच्या गाईचं नाव. मग आमच्या एसटीचा शेवटचा आकडा. मग आम्ही एका मास्तरांना ठेवलेलं टोपणनाव, ते सांगताना तिला इतकं हसू आलं की तिच्या घरातलं कुणीतरी डोकावून गेलं. आहुप्याला पहिल्यांदा गेलो ती तारीख. फाट्यावरच्या भजीवाल्याचं नाव. तिला आवडणारा रंग, तेव्हाचा. कॉलेजच्या पहिल्या दिवसाची तारीख, उलट सुलट. प्रत्येक वेळी खाली तांबडी ओळ यायची. आणि प्रत्येक वेळी मला असं काहीतरी आठवायचं जे मी इतकी वर्षं आठवलं नव्हतं. मावशी मधेच येऊन चहा ठेवून जायच्या, फोनकडे बघून म्हणायच्या, "जेवलीस का गं?" आणि उत्तर यायच्या आत परत आत जायच्या. लेकीसमोर त्यांना रडायचं नसावं.

मग ती हळूच म्हणाली, "तुझं नाव टाकून बघ."

मी माझंच नाव टाइप केलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये, छोट्या अक्षरांत. बटण दाबायच्या आधी माझं बोट थांबलं. खरं सांगायचं तर त्या क्षणाला मला ताईंची, डोसाची, कशाचीच आठवण नव्हती. त्या दुपारी आडोशामागं तिनं माझं नाव टाइप केलं असावं, एवढंच मला हवं होतं.

तांबडी ओळ आली.

"नावापुढं वर्ष?" ती म्हणाली. तेही केलं. दोघींची नावं जोडून केलं.

"मग मला खरंच आठवत नाही गं," ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले दिसत होते, की फोनचा पडदा तसा होता, ठाऊक नाही. "तेव्हा माझ्या मनात काय चालू होतं, तेच आठवत नाही."

मी लॅपटॉप घरी आणला. महिनाभर रोज दुपारी ऑफिसात डबा खाता खाता काहीबाही टाकून बघितलं. शब्दांच्या जोड्या लावत बसणारा एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला. तिनंही तिकडून शब्द पाठवले, रोज चार-पाच. त्या महिन्यात आमचं जितकं बोलणं झालं तितकं मागच्या चार वर्षांत झालं नव्हतं. आणि म्हणूनच मी गरजेपेक्षा जास्त दिवस ते चालू ठेवलं. ते थांबवलं ताईंच्या दुसऱ्या फोननं. "बाय, मी तवर कागदावर लिव्हते," त्या म्हणाल्या, "पर पावसाचं कसं?"

मग नवं ॲप करायचं ठरवलं. नवी ओळख, नवी किल्ली. जुन्याच्या शेजारी ते फोनमध्ये बसलं असतं, पण जुन्यातली माहिती त्याला दिसली नसती. दार आम्हीच बंद करून ठेवलेलं होतं. तेव्हा माहिती हातानंच उतरवायला हवी होती.

मी आहुप्याला गेले. ताईंच्या अंगणात हिरडा वाळत घातलेला होता, तो चुकवत चुकवत आम्ही पडवीत बसलो. त्या जुन्या ॲपमधून वाचायच्या, मी माझ्या फोनवरच्या नव्या ॲपमध्ये लिहायचे. यावेळी माहिती एका फोनवरून दुसऱ्या फोनवर नेता येईल असं बटण मी आधीच केलं होतं. वाचता वाचता ताई थांबायच्या.

"ही वरच्या वाडीतली धाकली सून. आठ महिन्यांची व्हती तवा पाय घसरून पडली. आमी झोळीतनं नेली. ते पोर आता शाळंत जातं, मला बघितलं की पळतं. सुई दील म्हनून."

"ही?"

"ही न्हाई आता हितं. गेली कामाला, बारक्याला घिऊन. लिव्ह पर तिचं. आली तर?"

सगळ्या नोंदी उतरवायला दोन दिवस लागले. इतकी माणसं त्या छोट्या ॲपमध्ये राहत होती याची मला कल्पना नव्हती. आम्ही रविवारी बसून ज्या चौकटी आखल्या होत्या, त्यात ताईंनी अख्खं गाव आणून बसवलं होतं. एका नोंदीत "शेरा" या जागी नुसतं लिहिलेलं होतं, "घाबरली व्हती, थांबले तिच्यापाशी."

शेवटी त्या बटणानं सगळं ताईंच्या फोनवर नेलं, आणि तिथं दोन्ही ॲप शेजारी शेजारी दिसायला लागली. तशी ठेवणं धोक्याचं होतं. घाईत जुनं उघडलं गेलं तर तीच जुनी यादी, तोच चुकणारा डोस.

"आता जुनं काढायला लागेल, ताई," मी म्हणाले.

"मग काढ की."

"तुम्ही काढा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या दोघींचं हाय म्हनून व्हय?" त्या म्हणाल्या, आणि फोन परत माझ्या हातात दिला. मी बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, हे ॲप काढून टाकायचं का? तिची सही असलेल्या तीसेक प्रतींतली ती सगळ्यात पहिली होती. मी होय म्हटलं. ताई उठून चुलीकडे गेल्या आणि मला एकटीला बसू दिलं.

बाकीच्या तायांचं घोडेगावच्या बैठकीत करत गेले. पण आता नवी अडचण होती. नवे फोन बाहेरून आलेली फाइल बघितली की इशारा द्यायचे, हे ॲप घातक असू शकतं. दोन ताया घाबरून मागं फिरल्या. पुढं तर ओळख न पटवलेल्या माणसाचं ॲप बसणारच नाही असा नियम येऊ घातलाय, असं वाचनात आलं. म्हणजे मोठ्या कंपनीच्या दुकानात जाणं भाग होतं. दुकान म्हणजे फोनमधलं ते ॲपांचं दुकान, जिथून सगळे सगळं घेतात. तिथं ओळखपत्र मागितलं, पत्ता मागितला, फोटो मागितला. मी सगळं दिलं. बनवणाऱ्याचं नाव, या चौकटीत एकच नाव बसत होतं. मी माझं लिहिलं. नंतर ॲपच्या आत "आमच्याविषयी" असं एक पान केलं आणि तिथं आधी तिचं, मग माझं, असं लिहिलं. ते पान कोण उघडतं, कुणास ठाऊक.

दुकानाची आणखी एक अट होती. ॲप सगळ्यांना देण्याआधी बारा माणसांनी ते सलग चौदा दिवस फोनमध्ये ठेवून वापरून बघायचं. माझी आई, वहिनी, मेव्हणे, रोपवाटिकेतल्या दोन बायका, घोडेगावच्या चार ताया, आणि आहुप्याच्या ताई, ज्या त्यासाठी कड्यापर्यंत चालत गेल्या. अकराव्या तिच्या आई. "मला काय कळतंय त्यातलं? पर ठिवते," मावशी म्हणाल्या. बाराव्या माणसासाठी मी तिला लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, "टाकलं." नवव्या दिवशी मेव्हण्यांनी फोनमध्ये जागा नाही म्हणून ॲप काढून टाकलं आणि मोजणी मोडली. वहिनीनं त्यांना माझ्यासमोर असं काही झापलं की मलाच त्यांची दया आली. पुन्हा पहिल्यापासून चौदा दिवस.

परवानगी मिळाली त्या सकाळी स्कूटीवरून ऑफिसला जाता जाता, कानात इअरफोन लावून, मी तिला कळवायला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आता मी ते काढायला हरकत नाही ना?"

"नाही. चौदा दिवस झाले."

"पण काढत नाहीये," ती म्हणाली. "मी त्यात एक नोंद केलीये."

मला आधी कळलं नाही. मला वाटलं, तपासून बघायला काहीतरी खोटं टाकलं असेल.

"पाचवा महिना आहे," ती म्हणाली. "तुला आधी सांगणार होते. पण फोन केला की आपण पासवर्डवरच बोलायचो."

मी स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली. काय बोलले ते नीट आठवत नाही. तारीख विचारली, उलट्या होतात का विचारलं, आई येणार आहे का विचारलं. मावशींचा पासपोर्ट झाला होता म्हणे, आणि त्या लोणच्याची बरणी न्यायची की नाही यावर अडून बसल्या होत्या.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "इथले डोस वेगळे आहेत गं. तारखाही वेगळ्या. आपल्या यादीत माझं बाळ बसतच नाही."

ती हसत हसत बोलली. मी पण हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला ऑफिसला जाववलं नाही. त्या यादीतली ओळ न् ओळ मला पाठ होती, तायांच्या सगळ्या बाळांच्या तारखा त्यात बसत होत्या, आणि तिच्या बाळाची तेवढी बसत नव्हती. तिथं जाऊन मी तिच्यासाठी काही करू शकणार नव्हते. बाळ पहिल्यांदा तापेल तेव्हा त्याच्या कपाळावर हात ठेवायला मी नसणार होते. मी स्टँडसमोरच्या कट्ट्यावर बसून राहिले. लोक गाड्यांत चढत होते, उतरत होते.

पंधरा दिवसांनी कोडच्या पानावर एक बदल आला. सहा वर्षांनी तिच्या नावानं आलेला पहिला. ज्याला हवी त्यानं स्वतःची लसींची यादी तयार करून घ्यावी, अशी सोय तिनं केली होती. काम नेहमीसारखं स्वच्छ होतं. दोन ठिकाणी मराठी शब्द चुकले होते, कारण ती आता मराठीत फारसं लिहीत नव्हती. बदलासोबत लिहायच्या जागेत तिनं एवढंच लिहिलं होतं, "बघून घे. घाई नाही."

मी ओळ न् ओळ बघितली. ते दोन शब्द दुरुस्त केले. मग वाटलं, ते करायला नको होतं. तिला विचारलं असतं तर दोन दिवस त्यावर भांडलो असतो.